मुकादमानं आणलेला हूक

कळंबात तेव्हा समुद्र कुणी बघितला नव्हता, पण आमच्या घरात भरती-ओहोटीचं बोलणं थेट चुलीपर्यंत चालायचं. अब्बा जेवता जेवता मध्येच हात थांबवायचे आणि म्हणायचे, "आता पाणी चढलं असंल. फाटक उघडलं असंल." अम्मा तव्यावरची भाकरी उलटत "व्हय" म्हणायची. तिनं विहिरीपेक्षा जास्त पाणी आयुष्यात बघितलं नव्हतं. मी तर असं समजायचे की मुंबईला एक मोठी विहीर आहे, तिला दार आहे, आणि त्या दाराची चावी माझ्या बापाकडं आहे. घरात आम्ही दखनी बोलायचो, शेजारपाजारी मराठी. या वयात दोन्हींची सरमिसळ झालीय, त्यामुळं सगळंच मराठीत लिहिते. नातवंडांना वाचता आलं म्हणजे झालं.

माझे अब्बा गोदीचे मुकादम. सुगी उरकली की कळंबच्या आसपासच्या खेड्यांतून माणसं गोळा करायची, त्यांची टोळी बांधायची, बार्शीपर्यंत पायी न्यायची, तिथून छोट्या गाडीत घालायची आणि पुढं मोठ्या गाडीनं मुंबईला. टोळी गोदीत बोटीवरचा माल उतरवायची, चढवायची; सगळे एकाच खोलीत पाळीपाळीनं झोपायचे. अब्बा वर्षातून दोनदा घरी यायचे. ते आले की गल्लीत आवाज बदलायचा. कोंबड्यासुद्धा आमच्या अंगणातून निघून शेजारच्या परसात जायच्या, असं अम्मा म्हणायची. ती हे हसून म्हणायची, पण अब्बा घरात नसताना.

अंगणात ते राखेनं गोदी काढून दाखवायचे. हा धक्का, ही गोदामं, ह्या माल उचलणाऱ्या याऱ्या, हे फाटक. भरती आली की फाटक उघडायचं, बोट आत घ्यायची, पाणी उतरायच्या आत फाटक लावायचं, म्हणजे बोट आत तरंगत राहते. आधी तिथं नुसती मचवे लागायची बंदरं होती, म्हणायचे. मग माती टाकून समुद्र मागं सारला, दगडाच्या गोद्या बांधल्या, आगीनगाडी पार धक्क्यापर्यंत आणली. आपल्याच रानातला कापूस बार्शीला गाठी होऊन तिथं जातो, साता समुद्रापल्याड जातो आणि लुगडं होऊन परत येतो. हे सांगताना त्यांचा आवाज असा व्हायचा की जणू समुद्र त्यांनीच घमेल्यानं मागं सारलाय. गावातली शहाणीसुरती माणसं तोंडाचा आ वासून ऐकायची. आज त्याचा राग येतो, कारण मीही तशीच ऐकायचे, आणि मला ते लई आवडायचं.

त्याच अंगणात फळी होती. सागाची लांब, जेमतेम दोन पावलं बसतील एवढी रुंद. तिचं एक टोक जमिनीवर आणि दुसरं चाकांखाली दगड लावून उभ्या केलेल्या बैलगाडीवर. टोळीत यायचं असेल त्यानं पाठीवर ज्वारीचं पोतं घेऊन त्या फळीवरून पळत वर जायचं, गाडीत पोतं टाकायचं आणि पळत खाली यायचं. चालत गेलेला नापास. गोदीत मागचा माणूस थांबत नाही, म्हणून इथंही थांबायचं नाही. दोनचार फेऱ्या झाल्या की अब्बा फळीवर रिठ्याचं पाणी ओतायला लावायचे. बोटीवर तेल सांडतं, ते म्हणायचे. रिठ्याचा फेस काढायचं काम अम्माचं. एकदा एक काटकुळा गडी घसरला, पोतं त्याच्यावर पडलं आणि खांद्याचं हाड वर आलेलं आम्ही सगळ्यांनी बघितलं. अब्बा खाटेवरून उठले नाहीत. म्हणाले, "नशीबवान हाय. तिथं पडला असता तर बोट आन् धक्का यांच्या मधी पडला असता, मग पोत्यात भरून आणावा लागला असता." सगळे हसले. तो गडीही कण्हत कण्हत हसला, हे मला अजून समजत नाही. अम्मानं त्याला हळद लावली आणि त्या दिवशी ती जेवली नाही.

परीक्षेच्या दिवशी आमच्याकडं मोठ्या डेगीत हुलग्याचं माडगं शिजायचं. पास झालेल्यांना माडगं, भाकरी आणि वर अब्बांनी आणलेला खजूर. तो खजूर म्हणजे गोदीत फुटलेल्या बोऱ्यांतून झाडून आणलेला, एकमेकाला चिकटलेला गोळा; दाताखाली वाळू करकरायची. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर त्यातला निम्मा शिपायांच्या पोटात जायचा, तरी उरलेल्यावर आमचा जीव असायचा. नापास झालेल्यांना खजूर नाही, पाणीही नाही. ते भिंतीच्या कडेनं निघून जायचे आणि अब्बा त्यांच्याकडं बघतसुद्धा नसत.

आता त्या हुकाविषयी. गोदीतल्या प्रत्येक हमालाजवळ एक लोखंडी हूक असतो, लाकडी मुठीचा. तो पोत्यात खुपसायचा आणि ओढायचं. टोळीतला माणूस गोदीत मेला तर त्याचं प्रेत इकडं यायचं नाही, तिथंच सगळं उरकायचे. घरी यायचा तो त्याचा हूक. अब्बा स्वतः तो घेऊन दाराशी उभे राहायचे. तोंडानं काही बोलायचं नाही, मरणाचं नाव मुकादमानं घेतलं तर सगळ्या टोळीला बाधतं अशी समजूत. हूक जमिनीवर ठेवायचा नाही. त्या घरातला जो गडी पुढं होऊन तो हातात घेईल, त्याला मेलेल्याची टोळीतली जागा मिळायची, फळीची परीक्षा न देता. आणि हूक दाराशी दिसला की बायकोनं बांगड्या फोडायच्या. एवढा साधा कायदा. कुणी लिहिला नव्हता, पण तहसीलदाराच्या हुकमापेक्षा जास्त पाळायचे.

आमच्या परसाला लागून निवृत्तीचं घर. निवृत्ती अब्बांच्या टोळीतला सगळ्यात सरस गडी. त्याची बायको गजरा, मी तिला मावशी म्हणायचे. सासू, धाकटा दीर ज्ञानोबा, आणि तीनेक वर्षांची सोनी. ही सोनी दिवसभर माझ्या कडेवर असायची. तिला आमच्या घरचा शिरखुर्मा आवडायचा आणि ईद कधी आहे हे ती उन्हाळ्यातही विचारायची. गजरामावशी मोठी खट्याळ बाई होती. परसाच्या भिंतीवरून अम्माला म्हणायची, "भाभी, तुमचे मुकादम हायत का गेले? गेले असतील तर जरा मोठ्यानं हसते." आणि खरंच मोठ्यानं हसायची.

त्या साली अब्बा परत आले ते सरळ आमच्या घरी आले नाहीत. निवृत्तीच्या दाराशी गेले. मी सोनीला घेऊन ओट्यावरच बसले होते. गजरामावशी पाण्याची घागर घेऊन बाहेर येत होती. तिला आधी अब्बा दिसले, मग त्यांच्या हातातला हूक. मुठीला निवृत्तीनं तिच्याच जुन्या लुगड्याची निळी चिंधी गुंडाळली होती, त्यामुळं विचारायचं काही उरलंच नाही. घागर पडली, पाणी माझ्या पायापर्यंत आलं. अब्बा हूक धरून उभे, तोंड मिटलेलं. सासूनं हंबरडा फोडला. ज्ञानोबा आतून आला, त्यानं एकदा भावजयीकडं बघितलं, एकदा हुकाकडं, आणि हात पुढं केला. मग शेजारच्या बायकांनी गजरामावशीचे हात धरून उंबऱ्यावर आपटले. काचा माझ्या परकरावर उडाल्या. सोनी टाळ्या वाजवत होती, तिला तो आवाज आवडला.

खरी गोष्ट त्याच आठवड्यात दुपारी कळली. अब्बा खाटेवर पालथे झोपलेले, अम्मा त्यांची पाठ चोळत होती, मी खाली तांदूळ निवडत होते. अम्मा सहज म्हणाली, "निवृत्तीचं काय झालं व्हतं? यारीखाली आला का?" अब्बा उशीत तोंड खुपसून म्हणाले, "त्याला काय धाड भरलीय! कोळशाच्या बंदरावर दुसऱ्या मुकादमाकडं गेला. हूक माझ्या खोलीवर टाकला, आन् वर निरोप धाडला, बायकोला सांगा, खोली बघतो आन् न्यायला येतो. माझी टोळी सोडून गेला तो मेलाच." अम्माचे हात थांबले. "चोळ," अब्बा म्हणाले. ती चोळू लागली. थोड्या वेळानं त्यांनी मान वळवली आणि अगदी शांतपणे सांगितलं, की हे परसाच्या पलीकडं गेलं तर तुझं बोचकं बांधून तुझ्या भावाच्या दारात टाकीन, तीनदा तलाक म्हणून. माझ्याकडं बघून म्हणाले, "आन् तू तांदूळ निवड."

अम्मा घाबरट बाई होती, हे मी तिची लेक म्हणून सांगते. पावसाच्या गडगडाटानं ती कोठीत जाऊन बसायची. ती गप्प राहिली असती तरी तिला कुणी दोष दिला नसता. ती चार दिवस कुढत राहिली. पण मग सासरच्यांनी गजराला आमच्याच भागातल्या वाशी गावच्या एका बिजवराला द्यायचं ठरवलं. विधवेच्या दुसऱ्या लग्नाला पाट म्हणायचे. पाट लागला की बाई नव्या घरी जायची आणि आधीच्या नवऱ्याची लेकरं त्याच्याच घरी राहायची. म्हणजे सोनी इथं, आई तिथं. हे कानावर आलं त्या सकाळी अम्मानं बुरखासुद्धा घेतला नाही, परसाची भिंत ओलांडून गेली आणि गजराला गोठ्यात नेऊन सगळं सांगितलं.

त्या दिवशी नेमकी फळीची परीक्षा होती. ज्ञानोबासकट सगळा बाप्यांचा मेळा अंगणात. गजरामावशी मोकळ्या कपाळानं, सोनीला कडेवर घेऊन सरळ मधोमध आली. फळीवर चढलेला गडी पोत्यासकट थबकला. ती म्हणाली, "मुकादम, तुमी हूक दिला, बोलला काय बी न्हाय. आता बोला. माझं मालक जित्तं हायत का मेलं? एका शब्दात सांगा, मी पाया पडते." तिनं सोनीला खाली ठेवलं आणि खरंच त्यांच्या पायावर डोकं ठेवलं.

मी दाराच्या पडद्यामागून बघत होते. अब्बांचा चेहरा मला पुरा दिसत होता. जिवंत आहे म्हणाले असते तर त्या सगळ्या गड्यांना कळलं असतं की मुकादमाची टोळी सोडून जाता येतं, आणि जाणाऱ्याला काही होत नाही. त्यांनी गड्यांकडं एक नजर फिरवली. मग म्हणाले, "मेला."

माझ्या शेजारून आवाज आला, "झूट!" अम्मा होती. परक्या पुरुषांनी तिचा आवाज त्या दिवसाआधी कधी ऐकला नव्हता. "खुदा की कसम, झूट हाय! निवृत्ती जित्ता हाय!" मला वाटलं आता सगळं बदलेल. अब्बा हसले. "बाईमाणूस हाय, शेजारणीच्या दुःखानं डोकं फिरलंय. ज्ञानू, तुझा भाऊ हाय का रं जित्ता?" ज्ञानोबाच्या कमरेला तो निळ्या चिंधीचा हूक अडकवलेला होता. भाऊ जिवंत असता तर तो हूक सोडावा लागला असता, आणि खाटेपुढच्या रांगेत उभं राहून फळी चढावी लागली असती. तो खाली बघत म्हणाला, "न्हाय, मुकादम. हूक आला तवाच कळलं आमाला." अब्बांनी फळीवरच्या गड्याला हाक मारली, "थांबलास का रं? नापास." गडी हसले, परीक्षा पुढं चालू झाली. दोघांनी गजरामावशीला दंडाला धरून बाहेर काढलं.

अब्बांनी अम्माला तलाक दिला नाही. लोकांनी कारण विचारलं असतं ना! त्यांनी तिच्याशी बोलणंच बंद केलं. मरेपर्यंत. समोर बसून मला म्हणायचे, "तुझ्या आईला सांग, मीठ कमी हाय." मी सांगायचे, "अम्मा, मीठ कमी हाय." माझं लग्न झाल्यावर ते काम माझ्या धाकट्या भावाकडं गेलं. लोक म्हणायचे मुकादम किती सोशिक, असल्या बायकोला नांदवतो. संताप होतो आजही.

पाट लागला. गजराला वाशीला नेलं तेव्हा सोनी आमच्या घरी झोपलेली होती, मुद्दाम झोपवून ठेवली होती. उठल्यावर तिनं सगळं परस पालथं घातलं. पुढं उन्हाळ्यात देवीची साथ आली आणि त्यात सोनी गेली. देवी आलेल्या घरी कुणी जायचं नसतं, तरी अम्मा गेली, तिच्या अंगावर लिंबाचा पाला घालत बसली. शेवटी शेवटी पोरगी ईद कधी आहे तेच विचारत होती. अम्मानं सासूला सांगितलं, वाशीला निरोप धाडा. म्हातारी म्हणाली, "पाटाला गेलेल्या बाईचा काय संबंध? ती आमची कोण?" आमच्या घरातून निरोप न्यायला कुणी धजलं नाही.

आणि त्यानंतर निवृत्ती आला. दिवसाढवळ्या, डोक्यावर लोखंडी पेटी, अंगात कोट. मुंबईला खोली मिळाली होती, बायको-पोरीला न्यायला आला होता. पेटीत सोनीसाठी रबरी चपला होत्या. त्याची आई त्याला बघून ओरडत घरात पळाली आणि दार लावून घेतलं. ज्ञानोबा गोदीवर होता. मग तो आमच्या अंगणात आला. अब्बा खाटेवर चहा पीत होते. निवृत्ती म्हणाला, "मुकादम, म्या निरोप दिला व्हता." अब्बा म्हणाले, "टोळीला मेलास तर मेलास. माझ्या हातात तेवढंच व्हतं." आणि बशीतला चहा फुर्रकन ओढला. तो गडी एका हातानं त्यांना खाटेसकट उचलून आपटू शकला असता. आपटायला हवं होतं, असं मी आजही म्हणते. पण तो मटकन फळीवर बसला. मुकादमाला हात लावायचा असतो हे त्याला ठाऊकच नव्हतं.

अम्मा बाहेर आली. अब्बांच्या देखत तिनं निवृत्तीला सगळं सांगितलं, सोनीचंही. मग म्हणाली, "चल, मी येते वाशीला. तुझ्या एकट्याच्यानं सांगवणार न्हाय." अब्बा मला म्हणाले, "तुझ्या आईला सांग, उंबरा ओलांडायचा न्हाय." मी अम्माला सांगितलं. ती म्हणाली, "ऐकलं. तू बी चल."

बैलगाडीनं पोचायला दिवस गेला. वाशीला गजरामावशी खळ्यावर ज्वारी उफणत होती, पोटुशी होती, दिवस भरत आलेले. तिनं निवृत्तीला बघितलं, सूप खाली ठेवलं आणि जवळ आली. किंचाळली नाही, रडली नाही. त्याचा दंड दोन बोटांत धरून जोरानं चिमटा काढला. तो "आई गं" म्हणाला. मग तिनं गाडीत डोकावून बघितलं, मागं जाऊन बघितलं.

"पोरगी आणली न्हाय?"

निवृत्तीनं पेटी उघडली, चपला काढल्या, आणि तसाच त्या धरून उभा राहिला. शेवटी अम्मा म्हणाली, "गजरा, सोनी देवीत गेली गं. मी जवळ व्हते. माझ्या मांडीवर गेली."

गजरामावशी अम्माकडं बघत राहिली आणि मग हसली. पूर्वीसारखीच, मोठ्यानं. "भाभी, तुमीच सांगताव व्हय? ह्ये बी मेलंच व्हतं की. साऱ्या गावाम्होरं सांगितलं मुकादमानं, मेला म्हणून. मी पायावर डोकं ठिवलं तरी मेलाच म्हणलं. आलं का न्हाय चालत? तशी माझी सोनी बी येती." तिनं चपला त्याच्या हातातून घेतल्या, त्यांची धूळ पदरानं पुसली आणि सूप उचललं. अम्मानं कुराणाची शपथ घेतली. गजरा म्हणाली, "शपथा त्या दिवशी बी घेतल्या व्हत्या तुमी. कुणी ऐकलं का?"

निवृत्ती वाशीहूनच परत मुंबईला गेला, त्याचं पुढं काय झालं कळलं नाही. अब्बा आपल्या खाटेवर मेले. मयताला सगळं कळंब होतं, हिंदू-मुसलमान सगळे, आणि सगळे म्हणाले मोठा माणूस गेला. माझं लग्न होऊन मी एसटीनं हिंडू लागले तेव्हा एकदा वाशीला उतरले होते. गजरामावशी थांब्यावरच होती, केस पिकलेले. तिचा मुलगा मला हळूच म्हणाला, आई रोज कळंबच्या गाडीला येते, तुम्ही मनावर घेऊ नका. तिनं मला लगेच ओळखलं. माझ्या तोंडावरून हात फिरवला, मला वळवून मागून पुढून बघितलं आणि म्हणाली, "हमीदा, केवढी झालीस गं! सोनी बी आता एवढीच असंल." मग माझ्या मागून गाडीतून उतरणाऱ्या बायकांकडं ती बघू लागली.